सामन्याची वेळ आणि आगगाडीची वेळ

क्रीडास्पर्धेचे यश क्रीडांगणावरच ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि ज्या स्पर्धेस देशोदेशींचे लक्षावधी प्रेक्षक येतात, तिचे यश वाहतुकीवरही तितकेच अवलंबून असते. १४ जून ते १४ जुलै २०२४ या काळात जर्मनीत झालेल्या युरोपीय फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धेत ही गोष्ट प्रकर्षाने प्रत्ययास आली. तेथील प्रेक्षकांच्या त्राग्याची कारणमीमांसा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

या स्पर्धेतील ५१ सामने १० नगरांत विभागलेले होते. प्रेक्षकांनी मोटारीऐवजी आगगाडीने यावे, असे संयोजकांचे धोरण होते. त्यासाठी सामन्याच्या तिकिटावरच त्या नगराच्या परिसरात ३६ तास विनाशुल्क प्रवासाची सोय केलेली होती. योजना स्तुत्य होती. परंतु जिच्यावर हा भार पडावयाचा होता, ती रेल्वे मुळातच थकलेली होती. १६ जून रोजी गेल्सेनकिर्खेन येथे इंग्लंड-सर्बिया सामना रात्री ९ वाजता सुरू झाला. तो संपल्यावर ट्राम व आगगाडी यांची वाट पाहत सहस्रावधी प्रेक्षक उशिरापर्यंत ताटकळले. पुढे २१ जून रोजी स्पर्धेचे संचालक फिलिप लाम हेच रेल्वेच्या विलंबामुळे ड्युसेलडोर्फच्या सामन्यास वेळेवर पोहोचू शकले नाहीत.

असे का व्हावे? पहिले कारण लोहमार्गाच्या अवस्थेत आहे. १९९४ मध्ये पूर्व व पश्चिम जर्मनीच्या रेल्वे एकत्र करून शासनाच्या मालकीची 'डॉइच बान' ही कंपनी स्थापन झाली. त्यानंतरच्या काळात वाहतूक वाढली. पण रूळ, सांधे, पूल व सिग्नल यांच्या नूतनीकरणावर पुरेसा खर्च झाला नाही. दुसरे कारण असे की, अनेक मार्गांवर जलद, स्थानिक व मालवाहू गाड्या एकाच रुळांवरून धावतात. एक गाडी अडली की तिच्या मागच्या गाड्याही अडतात, आणि कोलोनसारख्या मोठ्या जंक्शनावर तो विलंब इतर मार्गांवर पसरतो. २०२४ या वर्षात लांब पल्ल्याच्या गाड्यांचा वक्तशीरपणा केवळ ६२.५ टक्के होता. म्हणजे स्थूलमानाने आठांपैकी तीन खेपा उशिराच्या. तेथे सहा मिनिटांहून कमी उशीर वक्तशीरच समजला जातो, आणि रद्द झालेली गाडी या हिशेबात धरलीच जात नाही, हे ध्यानी घेतल्यास प्रवाशाचा प्रत्यक्ष अनुभव आकड्याहून कटू का असतो, हे कळते.

तिसरे कारण गर्दीच्या स्वरूपात आहे. प्रेक्षक येतात ते दिवसभर विखरून, परंतु परततात ते एकाच घटकेस. समजा, ३०,००० माणसांस रेल्वेने जावयाचे आहे, आणि दर दहा मिनिटांनी १,००० माणसांची एक गाडी सुटते. तर शेवटच्या मनुष्यास सुमारे पाच तास थांबावे लागेल. त्यात एक गाडी रद्द झाली, तर मागील सर्वांची प्रतीक्षा आणखी दहा मिनिटांनी वाढते. एरवी क्षुल्लक वाटणारी चूक अशा प्रसंगी हजारोंना भोवते.

येथे एक भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. मंद गाडी आणि बेभरवशाची गाडी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गाडी मंद असली, तर मनुष्य घरून लवकर निघतो. बेभरवशाच्या गाडीवर मात्र असा उपाय चालत नाही. किती लवकर निघावे, हेच मुळी कळत नाही. शिवाय सामना कोणाची वाट पाहत नाही. कचेरीत एक तास उशीर झाला तर तो भरून काढता येतो. पण हुकलेला गोल पुनश्च पाहण्यासाठी मैदानावर दुसरी संधी नसते. प्रेक्षकाच्या संतापाचे मूळ केवळ गैरसोयीत नसून या अनिश्चिततेत आहे.

अंतिम सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी, १५ जुलै २०२४ रोजी, फ्रांकफुर्ट व मानहाइम यांमधील अत्यंत वर्दळीचा मार्ग संपूर्ण दुरुस्तीसाठी बंद करण्यात आला व डिसेंबरात पुन्हा सुरू झाला. स्पर्धा होईपर्यंत हे काम पुढे ढकलणे भाग होते. परंतु एका महिन्याच्या उत्सवासाठी जादा गाड्या सोडता येतात. विश्वास मात्र वर्षानुवर्षांच्या देखभालीतूनच उभा राहतो, हाच या अनुभवाचा बोध होय.