टोपली भरलेली, दुकान अडलेलं

ईद जवळ आली की घरातली निम्मी खरेदी आता मोबाइलवरच होते. मुलांचे कपडे, अम्मीसाठी ओढणी, अब्बूंसाठी अत्तर, सगळं निवडून टोपलीत टाकलं जातं आणि नेमकं पैसे भरायच्या वेळी दुकान अडून बसतं. वर टोपलीत तीन वस्तू दिसतात, उघडावी तर ती रिकामी. आधी एक किंमत दिसते, शेवटच्या पानावर दुसरीच. ‘पुन्हा लॉगिन करा’ असा निरोप येतो आणि लॉगिन केलं की तोच निरोप परत. कधी दोष नेटचा असतो, कधी खुद्द दुकानाचा. पण पुष्कळदा कारण आपल्याच मोबाइलमध्ये, ब्राउझरने जपून ठेवलेल्या जुन्या माहितीत असतं. ते दूर करायला दोन मिनिटं पुरतात.

ही माहिती मुख्यतः तीन प्रकारची असते. पहिला प्रकार ‘कॅशे’चा. दुकानाची चित्रं आणि पान चालवणाऱ्या फायली ब्राउझर साठवून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी पान लवकर उघडतं. दुसरा प्रकार ‘कुकी’चा. ही एक छोटीशी चिठ्ठी असते आणि तिच्यावरून दुकान आपल्याला ओळखतं. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी ती तयार केली, तीही ऑनलाइन दुकानाच्या टोपलीसाठीच! तिसरा प्रकार ‘लोकल स्टोरेज’चा. यात प्रत्येक संकेतस्थळाला साधारण ५ एमबी जागा मिळते आणि कुणी पुसल्याशिवाय ही माहिती सहसा जात नाही.

आता अडचण कुठे येते ते पाहू. दुकानदार किंमत बदलतो, माल संपतो, पानाची रचना नवी होते. आपल्या मोबाइलमध्ये मात्र आठवड्यापूर्वीची फाईल आणि तेव्हाचीच टोपली असते. जुनी फाईल नव्या दुकानाशी बोलायला जाते आणि दोघांचा मेळ बसत नाही. टोपलीलाही मुदत असते. वूकॉमर्सवर चालणाऱ्या दुकानांत लॉगिन न केलेल्या ग्राहकाची टोपली सर्वसाधारणपणे ४८ तास जपली जाते. त्यानंतर दुकान ती विसरतं, पण मोबाइलवरचा आकडा तसाच राहू शकतो.

काहीही पुसण्याआधी पैशांचं बघा. ‘ऑर्डर झाली नाही’ असं दिसलं तरी लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. बँकेचा मेसेज, खात्यातली शिल्लक आणि दुकानातली आपल्या ऑर्डरची यादी तपासा. पैसे कापले गेले आणि दुकानापर्यंत खबर पोचली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआय आणि ऑनलाइन कार्ड व्यवहारांत व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत ती रक्कम आपोआप परत यायला हवी. त्याहून उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. व्यवहाराचा क्रमांक तेवढा जपून ठेवा.

पैसे कापले गेले नसतील, तर पुढचे उपाय याच क्रमाने करा.

१) पान ताजं करा. संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि आर ही बटणं एकत्र दाबली की जुन्या फायली बाजूला ठेवून पान नव्याने येतं.

२) ब्राउझरची खाजगी खिडकी, म्हणजे ‘इन्कॉग्निटो’, उघडून तेच दुकान बघा. तिथे सगळं सुरळीत चाललं, तर दोष बहुधा जुन्या साठ्याचाच आहे असं समजा.

३) टोपलीचा स्क्रीनशॉट घ्या आणि आपला पासवर्ड आठवतो का ते बघा. साठा पुसला की लॉगिन जातं, आणि लॉगिन न करता भरलेली टोपलीही जाते.

४) फक्त त्या दुकानाचा साठा पुसा. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये सेटिंग्ज, मग साइट सेटिंग्ज, मग सर्व साइट्सच्या यादीत दुकानाचं नाव शोधून डेटा काढा. आयफोनवर सफारीच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’खाली ‘वेबसाइट डेटा’ मिळतो. सगळ्या संकेतस्थळांचा साठा एकदम पुसला तर घरातल्या प्रत्येकाचं लॉगिन जाईल, आणि मग दादीचा ‘माझं का बंद पडलं?’ हा सवाल ठरलेला!

५) दुकानाचं ॲप वापरत असाल तर मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये त्या ॲपचा आधी फक्त कॅशे पुसा. ‘डेटा पुसा’ हा शेवटचा उपाय.

आपल्या कितीतरी भगिनी घरातून अबाया, हिजाब, मसाले, लोणची ऑनलाइन विकतात. त्यांनीही हे ध्यानात घ्यावं. अडलेली गिऱ्हाईक तक्रार करतेच असं नाही, ती निमूट दुसऱ्या दुकानात जाते. आपलं संकेतस्थळ बनवून देणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. टोपली, पैसे भरण्याचं पान आणि ग्राहकाचं खातं ही पानं कॅशेमधून वगळली आहेत का? फाईल बदलली की तिच्या नावातला आवृत्ती क्रमांकही बदलतो का? आणि जुनी टोपली घेऊन आलेल्या ग्राहकाला दुकान ताजी किंमत दाखवतं का? दर बदलल्यावर एक ऑर्डर अशा मोबाइलवरून देऊन बघा, ज्यावर दुकान आधी उघडलेलं आहे. नव्या मोबाइलवर हा दोष दिसणारच नाही.

एक सावधगिरी घरातल्या सर्वांना सांगून ठेवा. दुकान अडलं की अनेकजण इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’चा नंबर शोधतात आणि फसवणूक करणाऱ्यांच्या हाती सापडतात. नंबर दुकानाच्या स्वतःच्या पानावरूनच घ्या. साठा पुसण्यासाठी ओटीपी, यूपीआय पिन किंवा स्क्रीन दाखवणारं ॲप कधीच लागत नाही. कुणी ते मागितलं तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.