सिंधुदुर्गाच्या तळाशी लावलेली कलमं

वणी तालुक्यातल्या खाणींतून निघणारी चुनखडी पैनगंगा समूहातली आहे, शंभर कोटी वर्षांच्या आसपासच्या एका समुद्राच्या तळाशी साचलेली. तेव्हा प्रवाळ नव्हते आणि मासेही नव्हते. त्या समुद्राचा आज मागमूस नाही. यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्यांना तो फक्त दगडाच्या रूपात भेटतो. हाच पदार्थ, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, महाराष्ट्रात आजही जिवंत प्राणी कणाकणाने रचताना पाहायचा असेल तर राज्याच्या दुसऱ्या टोकाला, मालवणला जाता येतं. लोकांनी एकत्र येऊन सावरलेल्या जागांवर आमच्या संपादकांना लेखमाला हवी होती. पाणलोट आणि गावतळी यांवर आपल्याकडे भरपूर लिहून झालं आहे. समुद्राखालच्या कामावर विदर्भातल्या वाचकासाठी कोणी लिहिलेलं नव्हतं, म्हणून मालवण.

मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसलं की थोड्या वेळात सिंधुदुर्ग किल्ला येतो. 1664 साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर तो बांधायला घेतला. ज्या खडकाळ उथळ समुद्राने किल्ल्याचं रक्षण केलं, त्याच खडकांना प्रवाळ चिकटून आहेत. आपल्या मनातलं प्रवाळाचं चित्र अंदमान-लक्षद्वीपचं असतं: निळंशार पाणी आणि शिंगांसारख्या फांद्या. मालवणात तसं काही नाही. पाणी बहुतेक वेळा हिरवट, गढूळ. पावसाळ्यात नद्या आणि खाड्या गाळ आणून ओततात. अशा पाण्यात तगणारे प्रवाळही दणकट जातीचे: पोराइटिसचे गोल गड्डे, टर्बिनारियाची पसरट पानं, मधाच्या पोळ्यासारख्या खणांचे फेव्हिटिस. दिसायला साधे, पण चिवट. गढूळ पाण्यात, कमी उजेडात, अंगावर बसणारा गाळ झटकत त्यांनी इथे संसार मांडला आहे. मला तरी लक्षद्वीपच्या प्रवाळापेक्षा यांचं कौतुक जास्त वाटतं.

सरकारी इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. 13 एप्रिल 1987 रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम 29 चौरस किलोमीटर, त्यातला गाभा तीन चौरस किलोमीटरच्या आसपास. आपलं टिपेश्वर अभयारण्य याच्या पाचपट मोठं आहे. टिपेश्वरच्या आसपासच्या गावांत अभयारण्याचं नाव काढल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर काय उमटतं हे पांढरकवड्याकडच्या वाचकाला सांगायला नको. मालवणातही तेच झालं. मच्छीमारांना न विचारता त्यांच्या दारातल्या समुद्रावर रेघ ओढली गेली, आणि विरोध वर्षानुवर्षं धुमसत राहिला. अभयारण्य कागदावर होतं, मासेमारी पाण्यात चालू होती.

चित्र बदलायला सुरुवात झाली ती 2011 नंतर. जागतिक पर्यावरण निधीचे सुमारे 34 लाख डॉलर, संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम, केंद्र आणि राज्य सरकार असा मिळून सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी एक प्रकल्प आला. 2012 मध्ये राज्याच्या वनखात्यात कांदळवन कक्ष स्थापन झाला आणि एन. वासुदेवन यांच्या नेतृत्वाखाली त्याने हे काम उचललं. अभयारण्याच्या हद्दीपासून सुरुवात न करता लोकांच्या पोटापाण्यापासून करायची, हा या प्रकल्पाचा शहाणपणा होता. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेपटाला 40 मिलिमीटरचे चौकोनी आस, म्हणजे छिद्रं, ठेवायला लावले; त्यांतून लहान पिल्लं निसटून जातात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायकांच्या ‘स्वामिनी’ गटाने कांदळवनाची होडीतून सफर सुरू केली. आणि मालवण-तारकर्लीच्या तरुणांना पाण्याखाली उतरायचं शास्त्रशुद्ध शिक्षण मिळालं. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग संस्था उभी राहिली. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी या सगळ्यामागचं ठळक नाव. प्रवाळांचं पुनर्रोपण त्यातूनच पुढे आलं.

मी रेंगाळलो ते या पुनर्रोपणाच्या तंत्रापाशी. तंत्र म्हटलं तरी त्यात यंत्र नाही. मुख्य कारागीर आहे तो प्रवाळाचा जीव, पॉलिप. काही मिलिमीटरचा, मऊ, एका तोंडाचा, तोंडाभोवती बारीक शुंडकं. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. शैवाल सूर्यप्रकाशावर साखर बनवतं आणि तिचा मोठा हिस्सा यजमानाला देतं. काही प्रवाळांची तर नव्वद टक्क्यांपर्यंत गरज त्यातून भागते. त्या ताकदीवर पॉलिप समुद्रातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून आपल्या बुडाखाली ॲरागोनाइटचा थर घालतो, मग स्वतः थोडा वर सरकतो, पुन्हा थर घालतो. पोराइटिसचा गड्डा असा वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. डोक्याएवढा गड्डा व्हायला कित्येक वर्षं लागतात.

या जीवाचा एक गुण माणसाच्या उपयोगी पडतो. वादळाने किंवा नांगराने मोडलेला तुकडा जिवंत असेल आणि त्याला स्थिर जागा मिळाली, तर तो जखम भरतो, कडेच्या पेशी खाली पसरवतो आणि नव्या दगडाला स्वतःला चिकटवून घेतो. देवगडकडे हापूसचं कलम बांधतात, तीच जात या कामाची. तळाशी काँक्रीटच्या चौकटी ठेवायच्या, त्यांवर जिवंत तुकडे बसवायचे आणि वाट पाहायची. रीत जगभर साधारण हीच.

सगळी मेख ‘स्थिर’ या अटीत आहे. तुकडा जरा जरी डुगडुगला तर पेशी पसरत नाहीत. प्रत्येक लाटेसरशी नवी कड घासली जाते आणि महिनाभरात उरतो तो पांढरा सांगाडा. मालवणचा समुद्र उथळ, वर लाट उठली की तळाशीही पाणी मागेपुढे ओढलं जातं. किनाऱ्यावर एका पाणबुड्याने मला तुकडा पट्टीने बांधून गाठ कशी मारायची ते कोरड्या दगडावर करून दाखवलं. पट्टी तुकड्याच्या खालच्या, मेलेल्या भागावरून घ्यायची; जिवंत भागावर आली तर ती पेशी कापते. ओढ इतकी हवी की अंगठ्याने दाबल्यावर तुकडा हलू नये. नंतर पट्टीचं टोक आखूड कापायचं, नाहीतर त्यावर शैवाल धरतं आणि तेच प्रवाळाच्या अंगावर चढतं. दगडावर हे मिनिटभराचं काम. पाण्याखाली हातमोजे घातलेले, अंगाला ओढ, समोर हातभर अंतरावरचं धूसर, आणि पायातले फिन चुकून तळाला लागले की गाळ उठून सगळंच दिसेनासं होतं. त्यामुळे आडवं तरंगत, श्वासावर शरीर वरखाली तोलत, पाय अजिबात न हलवता दोन्ही हातांनी काम करायचं. त्या पाणबुड्याचं घर रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणारं. लहानपणापासून समुद्रात असलेल्या माणसालाही ही निश्चलता शिकावी लागली.

कधी उतरायचं, हे मात्र त्याला कोणी शिकवावं लागलं नाही. उधाणाच्या दिवसांत ओढ जोराची, पाणी मातकट. भांगेला ओढ मंदावते, गाळ खाली बसतो, तळ दिसू लागतो. अष्टमीच्या आसपासचे दिवस धरून कामाची आखणी करायची, हे ज्ञान शास्त्रज्ञांच्या तक्त्यांत असतं तसंच तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, डोक्यातही असतं, आणि इथे दोन्ही एका होडीत बसले. कुठल्या खडपाआड गोबरा राहतो, तांबोशी कुठे लागते, शेवंड कुठल्या फटीत सापडते हे जाणणाऱ्यालाच जिवंत खडक कुठे आहे ते ठाऊक असतं.

रोपण झालं म्हणजे काम झालं असं नाही. चौकटीच्या मोकळ्या पृष्ठभागावर आधी येतं ते शैवाल, मग कालवं. तुकडा पसरायच्या आत त्यांनी जागा धरली तर संपलं. म्हणून पुन्हा पुन्हा खाली जाऊन दात घासायच्या ब्रशने चौकट साफ करायची, निसटलेले तुकडे पुन्हा बांधायचे, मोजायचे, फोटो काढायचे. शैवाल खाणारे मासे भरपूर असतील तर अर्धं काम तेच करतात. त्यामुळे जाळ्याच्या आसाचा प्रश्न आणि चौकटीवरच्या तुकड्याचा प्रश्न वेगळे राहत नाहीत. खडकात अडकून वर्षानुवर्षं मासे मारत राहणारी टाकून दिलेली जाळी कापून वर आणणं हेही पाणबुड्यांचंच काम.

गावाने उठून हे सगळं स्वतःच करावं, असं मात्र कायद्याने शक्य नाही. 2001 पासून खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. त्यांना हात लावायचा तर वनखात्याची परवानगी हवी. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यासाठी 2020 मध्ये वरळी आणि हाजी अली इथल्या 18 प्रवाळ वसाहती हलवायच्या होत्या, तेव्हाही मुख्य वन्यजीव रक्षकांची मंजुरी लागली आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली काम झालं. हा कायदा योग्यच आहे. पण त्यामुळे खातं, शास्त्रज्ञ आणि होडीवाला या तिघांपैकी एक जरी बाजूला झाला तरी काम अडतं.

आता हे काम पुढे टिकेल का, या धास्तीबद्दल. प्रकल्प 2017 मध्ये संपला. ब्रश घेऊन खाली जाणाऱ्या माणसाला होडी लागते, हवेची टाकी लागते, दिवसाची मजुरी लागते. प्रकल्प असेपर्यंत हा खर्च ठरलेला असतो. तो संपल्यावर तोच तरुण त्याच टाकीने पर्यटकाला खाली नेऊन चार पैसे मिळवतो, आणि त्यात त्याची काहीच चूक नाही. पर्यटनामुळे मालवणच्या कितीतरी घरांत दोन वेळची चूल निर्धास्त पेटते, मुलांना मुंबई गाठावी लागत नाही. जिवंत खडकाला रोज पाहुणे येतात म्हणूनच तो जपावा असं आज किनाऱ्याला वाटतं. 1987 च्या अधिसूचनेला हे साधलं नव्हतं.

पण तेच पाहुणे प्रवाळावर उभे राहतात. पोहता न येणारा माणूस लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरतो, घाबरतो आणि पायाखाली जे लागेल त्यावर भार देतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या पाण्याखालच्या पर्यटनाने होणारी मोडतोड नोंदवली आहे: टाकलेले नांगर, होडीच्या लोखंडी शिड्या, हाताळणी. एका नांगराने एका सकाळी जेवढं मोडतं तेवढं बांधायला पाणबुड्यांचा हंगाम जातो. उपाय अवघड नाही. ठरलेल्या जागी कायमचे तरंगते बोये, त्यांनाच होड्या बांधायच्या, एका वेळी माणसं मोजून सोडायची. सुट्टीच्या दिवशी शेजारच्या होडीने चार फेऱ्या जास्त मारल्या की हा नियम पाळणाऱ्याचं नुकसान होतं, आणि तिथे गावाच्या एकजुटीचा कस लागतो.

त्याहून मोठं संकट कुणाच्याच हातात नाही. पाणी नेहमीपेक्षा अंशभराने जास्त तापलं आणि आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ आपल्या शरीरातलं शैवाल बाहेर टाकतो, रंग जातो, उपासमार सुरू होते. मालवणात 2014 मध्ये आणि पुन्हा 2015 च्या डिसेंबरात असं विरंजन नोंदलं गेलं. 2023 च्या सुरुवातीपासून 2025 च्या मार्चपर्यंत जगातल्या 84 टक्के प्रवाळक्षेत्राला विरंजन घडवण्याइतका ताप सोसावा लागला. चांगल्या गाठीने बांधलेला तुकडाही यातून सुटत नाही. वाचणारे तुकडे ओळखून पुढची रोपं त्यांचीच घ्यायची, एवढंच पाणबुड्याला करता येतं, आणि त्यासाठी कुठला तुकडा कुठून आणला याची वही नीट राहिली पाहिजे.

शिवाय पावसाळा. 26 मे ते 31 ऑगस्ट जलक्रीडा बंद, जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद. ऑक्टोबरपर्यंत पाणी निवळत नाही. या महिन्यांत चौकटीवर काय चाललं आहे ते कोणालाच दिसत नाही. 2021 च्या मे महिन्यातल्या तौक्ते वादळाने किनाऱ्यावरच्या होड्या फोडल्या. तळाशी काय झालं ते पाहायला माणसं खाली उतरेपर्यंत हंगाम उलटलेला होता.

आता निवती रॉकजवळ नवं काम येतं आहे. नौदलातून 2024 च्या जानेवारीत निवृत्त झालेली आयएनएस गुलदार ही नौका 2025 मध्ये महाराष्ट्राच्या ताब्यात आली. ती समुद्रतळाशी ठेवून कृत्रिम प्रवाळभित्ती आणि पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना आहे. पोलादावर मासे लवकर येतील, पर्यटकही येतील, आणि जुन्या खडकांवरची गर्दी थोडी तरी वाटली जाईल अशी किनाऱ्याला आशा आहे. प्रवाळ धरायला मात्र वर्षं लागतील. तोवर दर पावसाळ्यानंतर कोणीतरी खाली उतरून मोजणी केली पाहिजे, आणि त्या बुडीच्या होडीभाड्याची व मजुरीची तरतूद कुठल्या खात्यातून होणार, हे नौका बुडवण्याआधी लिहून ठरलेलं असलं पाहिजे.