ठळक गोलाईचा हिशेब

‘फ्युचुरा’ या टंकाच्या ठळक रूपातला रोमन ‘ओ’ दुरून कंपासाने काढल्यासारखा दिसतो. पट्टी लावून पाहिलं की भेद कळतो. उभ्या बाजूंची जाडी जास्त, वरच्या-खालच्या कडांची थोडी कमी. शिवाय हे अक्षर ओळीच्या वर आणि खाली किंचित बाहेर येतं. जाडी सगळीकडे सारखी ठेवली तर आडव्या कडा डोळ्याला जड वाटतात, आणि गोल अक्षर ओळीत काटेकोर बसवलं तर शेजारच्या सरळ अक्षरांपुढे खुजं दिसतं. भौमितिक टंकाची खरी कारागिरी ही: भूमिती मोडायची, पण वाचणाऱ्याला कळू द्यायचं नाही.

पॉल रेनरने हा टंक 1924 मध्ये हाती घेतला आणि फ्रँकफर्टच्या बाउअर फाउंड्रीने 1927 मध्ये तो बाजारात आणला. रेनरचं नाव सर्रास बाउहाउस या कलाशाळेशी जोडतात, पण तो तिथे शिक्षक नव्हता. सुरुवातीच्या आराखड्यात त्याने लहान ‘आर’ म्हणजे नुसता एक दांडा आणि शेजारी ठिपका, इतकं टोक गाठलं होतं. पुढे नेहमीची रूपं आली, ते बरंच झालं. मोठ्या अक्षरांची मापं मात्र त्याने रोमन शिलालेखांवरून घेतली. म्हणून इतकी आधुनिक अक्षरं असूनही ती परकी वाटत नाहीत. 1933 मध्ये नाझींनी त्याला म्युनिकच्या मुद्रणविद्यालयातून काढून टाकलं.

टंक मात्र जगभर फिरला. 1959 मध्ये फोक्सवॅगनच्या अमेरिकी जाहिरातीत मोकळ्या पांढऱ्या पानावर छोटीशी गाडी आणि खाली फ्युचुरातलं मोजकं शीर्षक आलं. 1969 मध्ये अपोलो 11 ने चंद्रावर ठेवलेल्या पट्टिकेवरचा मजकूरही याच टंकात. चित्रकर्ती बार्बरा क्रूगरने लाल पट्टीवर पांढरी, तिरकी, ठळक फ्युचुरा वापरून जाहिरातींचीच भाषा जाहिरातींवर उलटवली. गंमत म्हणजे, नंतर तीच ढब न्यूयॉर्कच्या ‘सुप्रीम’ने कपड्यांवर लावली. ‘आयकिया’ने 2009 मध्ये फ्युचुरा सोडून ‘व्हर्डाना’ घेतला, तेव्हा टंकप्रेमींनी जो गलका केला तो मला तरी पटतो. पडद्यासाठी बनवलेला टंक भल्यामोठ्या फलकावर ढिसाळ दिसतो.

देवनागरीत अशी ठळक, भौमितिक अक्षरं घडवणं जास्त अवघड. ‘ट’, ‘ठ’, ‘ढ’ आयते गोल आहेत, पण शिरोरेषा जाड केली की ती वरची जागा खाते. ‘भ’ची गाठ बुजते, ‘द्ध’मध्ये शाईचा गोळा होतो. म्हणून टंककार सांध्यांपाशी रेघ बारीक करतो आणि आतली पोकळी राखून ठेवतो. इंडियन टाइप फाउंड्रीच्या 2014 च्या ‘पॉपिन्स’मध्ये निनाद काळे यांनी देवनागरी आणि जॉनी पिनहॉर्न यांनी रोमन बाजू सांभाळली. दोन्ही लिप्यांत वर्तुळाचा आधार आहे आणि अगदी बारीकपासून अतिठळकपर्यंत नऊ वजनं आहेत. रोमन मोठी अक्षरं देवनागरीपेक्षा बुटकी ठेवल्यामुळे मराठी ओळीत एखादं इंग्रजी नाव आलं तरी ते अंगावर येत नाही.

मोफत मिळतो म्हणून ‘पॉपिन्स’ आज कुठेही लावतात. मथळा, दुकानाची पाटी, मुखपृष्ठ यांवर तो शोभतो. पानभर कथा मात्र त्याच्या ठळक वजनात लावू नये. मथळ्यातही मात्रा-रफार आणि खालचे उकार आले की दोन ओळींमधलं अंतर हाताने वाढवावं लागतं, नाहीतर वरच्या ओळीतला ‘कू’ खालच्या ओळीतल्या ‘कै’वर आदळतो.