एक बाण, दोन बाण

२०२२च्या एप्रिलमध्ये आमच्या उदगीरला पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्या निमित्ताने मी माझ्या विखुरलेल्या कविता एकत्र करायचे मनावर घेतले. संगणकावर प्रत्येक कवितेची वेगळी फाइल होती. अशा शंभरावर फाइली! एक उघडायची, मजकूर उचलायचा, दुसरीत चिकटवायचा, असे चालले होते. भाचा म्हणाला, "मामू, हे एका ओळीचं काम आहे."

त्याने लिनक्सवर एक काळी खिडकी उघडली. तिला टर्मिनल म्हणतात. तिथे माउस लागत नाही. आज्ञा टाइप करायची. ती वाचून काम करवून घेणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. त्यातली ‘कॅट’ ही आज्ञा म्हणजे मांजर नव्हे. जोडणे या अर्थाच्या ‘कॉन्कॅटिनेट’ या इंग्रजी शब्दाचे ते लघुरूप. आधी कॅट, मग फाइलींची नावे, मग > हा बाण आणि शेवटी नव्या फाइलीचे नाव. एन्टर दाबले आणि साऱ्या कविता एकाखाली एक लागल्या. मूळ फाइली जागच्या जागी राहिल्या.

मात्र पहिलीनंतर दहावी कविता आली, दुसरी कुठल्या कुठे गेली. संगणक नावे शब्दकोशासारखी अक्षरागणिक लावतो. त्याच्या लेखी १० हे २च्या आधी. फाइलींना ००१, ००२ अशी नावे दिली, तेव्हा क्रम सुधारला.

एका आज्ञेचे उत्तर दुसरीच्या हाती देता येते. मधल्या उभ्या रेघेला पाइप म्हणतात. डग मॅकिलरॉय यांची ही कल्पना केन थॉम्प्सन यांनी १९७३ साली युनिक्समध्ये आणली. ‘ग्रेप’ने चंद्र असलेल्या ओळी शोधल्या, त्या पाइपमधून ओळी मोजणाऱ्या आज्ञेकडे दिल्या. एकेचाळीस निघाल्या! काही चंद्र मी लगेच मावळवले.

पुढे सहा महिने दुरुस्त्या त्या एकत्र फाइलीतच केल्या. अम्मीवरची कविताही थेट तिथेच लिहिली. एके रात्री एक नवी कविता शेवटी जोडायला बसलो आणि सवयीने एकच बाण टाइप केला. एक बाण आधी फाइल रिकामी करतो, मग लिहितो. शेवटी भर घालायची तर >> असे दोन बाण लागतात. शेलने विचारले नाही, कचरापेटीतही काही उरले नाही. शंभर कविता मूळ फाइलींतून परत जोडल्या. अम्मीची कविता आठवून लिहिली. तिच्या दोन ओळी अजून सापडलेल्या नाहीत.

आता भाच्याने ‘सेट -ओ नोक्लॉबर’ ही आज्ञा घालून ठेवली आहे. त्यामुळे भरल्या फाइलीवर एक बाण चालत नाही, शेल नकार देतो. तरीही बसण्याआधी मी फाइलीची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर काढतो. तुम्हीही काढा.