वेदनेचे शिक्षण आणि खेळाचा पट

लखनौच्या पूर्वेस फैजाबाद रस्त्यावर वसलेले चिनहट झिलईदार मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्धीस आले. आता ते शहरातच सामावले आहे. चाकापाशी तासन्‌तास वाकून बसणाऱ्या कारागिराची पाठ दुखणे ही नवलाची गोष्ट नव्हे. परंतु दुखणे ३ महिन्यांहून अधिक काळ टिकले, म्हणजे वैद्यकशास्त्र त्यास जुनाट वेदना मानते. अशा वेदनेचा परिणाम एकट्या रोग्यावर न होता साऱ्या घरावर होतो. कमाई घटते, बाहेरून इजा दिसत नाही, म्हणून ‘सोंग तर नव्हे?’ असा संशय डोकावतो. अथवा अतिकाळजीपोटी घरची माणसे त्यास हलूच देत नाहीत.

१९६५ साली मेलझॅक व वॉल या शास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले की, मज्जारज्जूत जणू एक दार असते. वेदनेचे संदेश तेथे कमीअधिक प्रमाणात अडविले जातात आणि मेंदूकडून येणाऱ्या संदेशांचाही या दारावर प्रभाव पडतो. या उपपत्तीच्या तपशिलात पुढे बदल झाले. तथापि वेदना व इजा यांचे प्रमाण नेहमीच सारखे नसते, हे तत्त्व टिकून राहिले. भीती, निद्रानाश व चिंता यांनी वेदना वाढते. म्हणजे ती खोटी असते, असे मात्र नव्हे.

हे ज्ञान व्याख्यानाने क्वचितच गळी उतरते. येथे खेळ उपयोगी पडतो. पटावरून शिकविणे आपणांस नवे नाही. परंपरेने ज्ञानदेवांशी जोडला जाणारा मोक्षपट सद्‌गुणांच्या शिड्या व दुर्गुणांचे साप दाखवून नीतीचाच पाठ देत असे. वेदनेसाठीही सापशिडी मांडता येईल. मात्र तीत सर्व काही फाशावर सोपविले, तर ‘नशिबात असेल ते भोगावे’ हाच धडा मिळेल. म्हणून सापाच्या घरात आलेल्या खेळाडूला एक प्रश्न विचारावा : ‘पाठ दुखते म्हणून महिनाभर अंथरुणावर पडून राहावे काय?’ घरच्यांनी मिळून योग्य उत्तर शोधले, तर साप टळावा.

दुसरा खेळ कवड्यांचा. रोग्याला दिवसाच्या १२ कवड्या द्याव्यात आणि चाक फिरविणे, पाणी भरणे, बाजारास जाणे अशा प्रत्येक कामाची किंमत त्यानेच ठरवावी. बऱ्या दिवशी सर्व कवड्या सकाळीच उधळणारा दुसऱ्या दिवशी अंथरूण धरतो, हे पटावर चटकन दिसते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फोर्डाइस यांनी १९७० च्या दशकात हेच तत्त्व उपचारात आणले : वेदना थांबवील तोवर काम न करता, आधी ठरविलेल्या मापाने करावे व ते माप हळूहळू वाढवावे. कवड्यांची किंमत ऐकताना घरच्यांनाही प्रथमच कळते की, घागर उचलणे रोग्याला किती महाग पडते.

पट चित्रांचा असल्यास निरक्षर वृद्धही त्यात सहभागी होतात. मात्र खेळात हारजितीला महत्त्व देऊ नये व कोणाची थट्टा होऊ देऊ नये. पायांतील बळ कमी होणे, लघवीवरील ताबा सुटणे, ताप अथवा विनाकारण वजन घटणे ही लक्षणे दिसताच पट मिटून डॉक्टर गाठावा.

खेळाने वेदना नाहीशी होत नाही. शिक्षणासोबत व्यायामाची जोड असली, तरच त्याचा लाभ अधिक होतो. परंतु ज्या घरात संशयाची जागा समजूत घेते, तेथे रोगी पुन्हा चाकापाशी बसण्याचे धैर्य करू शकतो.