प्रौढ छात्राध्यापक आणि गगनबावड्याच्या शाळा

कोल्हापूरहून पश्चिमेस निघालेला रस्ता कळे, साळवण ही गावे मागे टाकीत सुमारे 55 किलोमीटरांवर गगनबावड्यास पोहोचतो आणि तेथे दुभंगून करूळ व भुईबावडा या दोन घाटांनी कोकणात उतरतो. वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणारा हा तालुका लोकसंख्येने जिल्ह्यात सर्वांत लहान आहे. 2011 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आतच भरली. डोंगरउतारांवर विखुरलेल्या वाड्या आणि धनगरवाडे यांमुळे येथील शाळांचा पटही बेताचाच राहतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात. म्हणजे चार-पाच इयत्ता आणि दोन गुरुजी, त्यांतील एक तालुक्याच्या बैठकीस गेला की एकच. अशा शाळेत पहिल्यांदा खडू हाती घेणारा छात्राध्यापक जर चाळिशीकडे झुकलेला, दहा-पंधरा वर्षे दुसरे काम केलेला माणूस असेल, तर त्याची तयारी कशी व्हावी, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

एक व्यवसाय करून मग शिक्षकी पत्करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली 1909 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने विधवा व प्रौढ स्त्रियांना शिकवून त्यांना शिक्षिका आणि परिचारिका म्हणून उभे केले. संसार हेच ज्यांचे पहिले आणि एकमेव क्षेत्र मानले जाई, त्यांचा तो दुसरा जन्मच होता. गिजुभाई बधेका हे वकील. वकिली सोडून ते 1916 मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि पुढे बालशिक्षणाचे आचार्य ठरले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्यासह हे काम ठाणे जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांपर्यंत नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच कुरणावर नेली. ती ‘कुरणशाळा’ धनगरवाड्यांच्या तालुक्यात आजही आठवावी अशी आहे.

याहून जवळचे उदाहरण वस्तीशाळांचे. 2000-01 च्या सुमारास राज्यात ही योजना सुरू झाली, तेव्हा दूरच्या वस्त्यांवर शिकवण्यासाठी स्थानिक, दहावी-बारावी झालेले तरुण-तरुणी स्वयंसेवक म्हणून घेण्यात आले. मानधन प्रारंभी महिना 1000 रुपये होते. अनेकांची शेती, मजुरी वा घरकाम सुटले नव्हते. त्यांनी आधी शिकवायला सुरुवात केली आणि अध्यापन पदविकेचे प्रशिक्षण नंतर, सेवेत असतानाच पूर्ण केले. 2014 मध्ये शासनाने या निमशिक्षकांना नियमित प्राथमिक शिक्षक म्हणून सामावून घेतले. वस्तीची बोली, घरे, पायवाटा यांची त्यांना जी जाण होती ती कोणत्याही अध्यापक विद्यालयात मिळाली नसती, हे खरेच. पण त्यांच्या वर्गात मागे बसून चूक दाखवणारे कोणी नव्हते, हेही तितकेच खरे. छात्रसेवा हवी ती याचसाठी.

वाट आणि तिची वळणे

आज पहिली ते पाचवीस शिकवण्यासाठी प्रारंभिक शिक्षणशास्त्राची दोन वर्षांची पदविका (डी.एल.एड.) आणि शिक्षक पात्रता परीक्षा आवश्यक आहे. पदवीधरांची येथे एक नेहमीची गैरसमजूत होते. बी.एड. केले म्हणजे सर्व वर्ग खुले झाले, असे त्यांना वाटते. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 च्या निकालाने प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता अमान्य ठरवली आहे. पोटाला चिमटा घेऊन दोन वर्षे शिकणाऱ्याने प्रवेशाआधीच हे समजून घेणे अगत्याचे आहे. वयाचे गणितही मांडावे लागते. शासकीय सेवाप्रवेशाची सर्वसाधारण कमाल वयोमर्यादा 2016 मध्ये खुल्या प्रवर्गासाठी 38 व मागास प्रवर्गांसाठी 43 वर्षे करण्यात आली. निवड झाल्यावरची पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन 2000 साली 3000 रुपये होते, ते 2023 पासून 16 हजार रुपये झाले. कारखान्यातील पगारावर घर चालवलेल्या माणसाला हा आकडा आधी घरात सांगावा लागतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार 2030 पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक पदवी व्हावयाची आहे. प्रौढांना सोयीचा असलेला पदविकेचा मार्ग पुढे किती काळ उघडा राहील, याचा विचार इच्छुकांनी केलेला बरा.

बेचाळीस वजा सतरा

पदविकेच्या अभ्यासक्रमात सूक्ष्म पाठ, सराव पाठ आणि मग शाळेत सलग राहून करावयाची आंतरवासिता असा क्रम असतो. प्रौढ छात्राध्यापक या क्रमाचा पहिला भाग उरकून टाकू पाहतो. माणसांसमोर बोलण्याची त्याला भीती नसते, हिशेब पक्का असतो, शिस्त अंगवळणी पडलेली असते. त्यामुळे शिकवणे आपल्याला येतेच, असा त्याचा समज होतो.

दुकान चालवलेल्या माणसाचेच उदाहरण घ्यावे. बेचाळीसमधून सतरा वजा करा, असे तो दुसरीच्या मुलांना सांगतो. गल्ल्यावर बसून तो स्वतः कधीच वजाबाकी करीत नाही. सतरा आणि तीन वीस, वीस आणि बावीस बेचाळीस, असे वर मोजत तो पंचवीस रुपये परत देतो. पाटीवर मात्र एका मुलाचे उत्तर 35 येते. दुकानदार ते खोडतो, 25 लिहितो आणि पुढे जातो. येथे त्याचा पाठ फसला. मुलाने वरच्या दोनमधून खालचे सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढले, चारातून एक काढला आणि अगदी प्रामाणिकपणे 35 लिहिले. हे उत्तर बेफिकिरीचे नाही, त्यामागे नियम आहे, फक्त तो चुकीचा आहे. तो नियम शोधून काढणे, मग दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवून एक गठ्ठा सोडायला लावणे, हे शिक्षकाचे काम आहे. बारा सुट्या काड्यांतून सात उचलल्या, उरलेल्या तीन गठ्ठ्यांतून एक उचलला, की हातचा म्हणजे काय हे मुलाच्या हाताला कळते. पुढे त्या मुलाला दुकानदाराची वर मोजण्याची रीतही दाखवता येईल. ती उत्तम रीत आहे. जुना व्यवसाय वर्गात उपयोगी पडतो तो असा, दुसऱ्या पायरीवर.

विषय येणे आणि तो विषय मुलाला कसा येत नाही हे कळणे, या दोन वेगळ्या विद्या आहेत. दुसरी विद्या पुस्तकातून येत नाही. अनुभवी शिक्षकाच्या वर्गात काही दिवस नुसते मागे बसून, पाट्या पाहूनच ती येते. पंधरा वर्षे दुसऱ्यांना कामे सांगितलेल्या माणसाला हे गप्प बसणे सर्वांत जड जाते.

गगनबावड्यासारख्या ठिकाणी याला बहुवर्ग अध्यापनाची जोड हवी. तिसरी वाचते आहे, पहिली चिंचोके मोजते आहे, आणि दुसरीला गुरुजींची गरज आत्ता आहे, असे एकाच खोलीत चालते. पाठ टाचण एका इयत्तेचे काढण्याची सवय लागलेला छात्राध्यापक येथे गांगरतो. आंतरवासितेची शाळा विद्यालयाच्या सोयीने जवळची, शहरातली आणि भरल्या पटाची निवडली, तर त्याला हे दृश्य नेमणूक झाल्यावरच प्रथम दिसते. त्याचे मोल मोजतात ती पहिलीतील मुले. डोंगरातील दोनशिक्षकी शाळेत काही आठवडे तरी काढल्याखेरीज छात्रसेवा पुरी मानू नये.

मात्र अशा शाळेत पाठवलेल्या छात्राध्यापकाकडे रिकामी जागा भरून काढणारा माणूस म्हणून पाहण्याचा मोह होतो. वयाने पोक्त, बोलण्यात धीट. मुले पहिल्याच दिवशी ‘गुरुजी’ म्हणतात आणि ग्रामस्थ अर्ज लिहून घ्यायला येतात. मग मूळ शिक्षक माहितीचे तक्ते भरायला दुसऱ्या खोलीत जातो आणि वर्ग नवख्याच्या स्वाधीन होतो. मार्गदर्शक शिक्षक वयाने लहान असेल, तर थोरल्याची चूक दाखवण्याचा संकोचही असतो. मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख यांनी पहिल्याच दिवशी उभयतांना बसवून सांगावे की, पाठ संपल्यावर रोज अर्धा तास त्यावर बोलणे होईल आणि त्यात वयाचा मान मध्ये येणार नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालकच असतात. ग्रामपंचायतीच्या साहाय्याने त्यांना करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत: न गळणारी एक खोली, दोन वेळच्या जेवणाची व्यवस्था, ओढ्याला पाणी चढले की वाडीवरच्या मुलांना आणण्यास बरोबर जाणारा एखादा माहीतगार. आंतरवासिता पावसाळ्यात येणार असेल, तर ही तजवीज जूनपूर्वीच झालेली असावी. त्यानंतर कौले शाकारायला माणूस मिळत नाही.