खेचरांच्या वाटेवरचे ९७ किलोमीटर

सायकलवरून लांब पल्ल्याला निघणाऱ्याला धास्ती असते ती घाटाची. कालव्याकाठच्या वाटेवर घाट नाही, म्हणून ती सोपी वाटते. अमेरिकेतल्या चेसापीक अँड ओहायो कालव्यावर एक दिवस काढला की हा समज उतरतो. चढ नाही, तसा उतारही नाही. त्यामुळे फुकटचा वेग कुठेच मिळत नाही. दिवसभर पायडल मारतच राहावे लागते, तेही माती, दगड आणि मुळांवरून. वॉशिंग्टन परिसरातल्या मराठी मंडळींना या कालव्याचे जॉर्जटाउनकडचे टोक ठाऊक असते. इथे माहिती आहे ती दुसऱ्या टोकाची, कंबरलंड ते हॅनकॉक या रानातल्या टप्प्याची.

वाट कोणासाठी बांधली?

आपला नीरा किंवा मुठा कालवा शेतीसाठी, हा होता नावांसाठी. काम सुरू झाले ४ जुलै १८२८ रोजी. त्याच दिवशी बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचीही पायाभरणी झाली. रेल्वे कंबरलंडला १८४२ मध्ये पोहोचली, कालवा १८५० मध्ये. ओहायो नदी गाठायचा मूळ बेत तिथेच संपला. तरी १९२४ च्या पुरापर्यंत यावरून कोळशाच्या नावा चालल्या. नावेला दोर बांधून खेचरे ती काठावरून ओढत. सायकली आज धावतात ती हीच खेचरांची वाट.

पुढे या जागी मोटाररस्ता करायचे घाटत होते. तेव्हा, १९५४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस ही वाट पायी चालून गेले आणि लोकमत फिरले. १९७१ मध्ये कालव्याला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला.

सपाट म्हणजे किती सपाट?

पूर्ण वाट २९७ किलोमीटरची आणि एवढ्या अंतरात उंचीचा फरक अवघा १८४ मीटर. तो ७४ लॉकमध्ये वाटला आहे. लॉक म्हणजे दोन दरवाजांमधला दगडी हौद. त्यातले पाणी चढवून-उतरवून नाव पुढच्या पातळीवर नेत. प्रत्येक लॉकपाशी वाट साधारण ८ फूट खाली येते. सायकलस्वाराला मिळतो तेवढाच काय तो उतार.

या टप्प्यात पुष्कळ ठिकाणी वाट म्हणजे दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवत. पाऊस पडून गेला की चाकोरीत डबकी साचतात, आणि डबक्याखाली खड्डा आहे की मूळ, ते वरून कळत नाही. चिकण चिखल मडगार्ड आणि टायरच्या मध्ये भरतो आणि चाक फिरायचे थांबते. मग काडीने तो उकरून काढायचा.

सायकल आणि सामान

रस्त्यावरची बारीक टायरची सायकल इथे नको. ४० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर बरे. हवा थोडी कमीच ठेवावी, म्हणजे मुळांचे हादरे मनगटापर्यंत पोहोचत नाहीत. कॅरिअरचे स्क्रू निघण्यापूर्वी आवळावेत आणि दुपारी पुन्हा तपासावेत. दोन जादा ट्यूब, पंप, पंक्चरचे सामान, चेनला तेल, हँडलवर घंटी आणि चांगली बॅटरी एवढे हवेच. मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. वाटेवर मैलाचे खांब आहेत. मदत मागायची वेळ आली तर आपण कुठे आहोत हे त्यावरूनच सांगता येते, म्हणून शेवटचा आकडा लक्षात ठेवावा.

दिवसाची आखणी

खडबडीत वाटेवर, सामानासह, ताशी १४ ते १५ किलोमीटर ही चांगली चाल. म्हणजे ९७ किलोमीटरला निव्वळ सायकलवरचेच साडेसहा-सात तास. सकाळी सातला निघावे.

पहिले ४६ किलोमीटर पॉ पॉ बोगद्यापर्यंत. कालवा बऱ्याच ठिकाणी कोरडा असून त्याच्या पात्रात मोठी झाडे वाढली आहेत. जिथे पाणी उरले आहे तिथे ओंडक्यांवर कासवे ऊन खात बसतात. पुढे लिटल ऑर्लिअन्सपर्यंत २४ किलोमीटर. तिथून हॅनकॉकपर्यंत जुन्या रेल्वेमार्गावर केलेली डांबरी सायकलवाट जवळून जाते. अंग मोडून आले असेल तर शेवटचा टप्पा तिच्यावरून करावा, त्यात कमीपणा नाही.

पॉ पॉ बोगदा

नदीची वळणे टाळण्यासाठी डोंगर फोडून केलेला हा बोगदा ९५० मीटर लांब आहे. काम १८३६ मध्ये सुरू झाले आणि बंद पडत, पुन्हा चालू होत १८५० मध्ये संपले. आत दिवे नाहीत. वाट अरुंद, म्हणून सायकल हातात धरून चालायचे. कठड्याच्या लाकडावर हात फिरवला की खाचा लागतात; त्या नावांच्या दोरांनी पडल्या आहेत.

बोगद्याजवळच्या लॉकचे क्रमांक ६२, ६३⅓, ६४⅔ आणि ६६ असे आहेत. खर्च वाचवायला पाचांचे काम चार लॉकवर भागवले, पण पुढचे क्रमांक बदलायचे नव्हते.

पॉ पॉ हे नाव एका फळावरून आले. ते पपई नव्हे, सीताफळाच्या कुळातले आहे. गर पिवळसर, मऊ, चव केळे आणि आंबा यांच्या मधली, बिया काळपट, चपट्या. सप्टेंबरात ही फळे पिकतात.

पाणी आणि मुक्काम

वाटेवर ठरावीक अंतराने फुकट तळ आहेत. तंबूला जागा, टेबल, शौचालय आणि एक हापसा. आगाऊ नोंदणी नाही. एका तळावर एकच रात्र. हापशाच्या पाण्यात आयोडीन घालतात, त्यामुळे त्याला औषधी वास येतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत हापसे बंद असतात. शिवाय एखादा नादुरुस्तही असू शकतो, म्हणून दोन हापशांपुरते पाणी जवळ ठेवावे. दुकाने तुरळक आहेत. जेवण सोबतच घ्यावे.

निघण्यापूर्वी

बोगदा किंवा वाटेचा एखादा तुकडा दुरुस्तीसाठी बंद असू शकतो. उद्यानाच्या सूचना आदल्या रात्री पाहाव्यात. गवतातून फिरल्यावर पायांना गोचीड लागली आहे का ते तपासावे. आणि निघण्याआधी सलग दोन दिवस पाऊस झाला असेल, तर हॅनकॉकचा हट्ट सोडून लिटल ऑर्लिअन्सलाच तंबू ठोकावा.